ताणावरची झाडं

रुपरावचा संशय थंडीवर गेलाच नाही. थंडी काही शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, येऊन उभी राहत नाही, वाटणीवरून तिच्याशी कधी भांडण झालेलं नसतं, आणि चारचौघांत तिचं नाव घेऊन शिव्या देता येत नाहीत. धुऱ्यापलीकडच्या मनोहररावला देता येत होत्या.

गुरुवारी पहाटे गवतावर पांढरं पडलं होतं. नागपुरात पारा चारच्या खाली गेला म्हणे, आणि खाप्याच्या अलीकडचं, कन्हान नदीच्या काठचं हे खोलगट शिवार नागपूरपेक्षा नेहमीच जास्त गारठतं. रुपराव आठ वाजेपर्यंत रजईतून निघाला नव्हता. शुक्रवारी त्याला संत्र्याचे शेंडे उकडलेल्या भाजीसारखे मऊ होऊन लोंबताना दिसले. शनिवारी ते तांबडे झाले. सोमवारी नाल्याकडच्या उतारावरची नव्वद झाडं अशी दिसायला लागली, की कोणी वरून कढत पाणी ओतून गेलं असावं.

धुऱ्यापलीकडे मनोहररावची झाडं उभी होती. मलूल, धुळकट, पण शाबूत. जमीन तीच, नाला तोच, कलमं एकाच रोपवाटिकेतून एकाच ट्रॅक्टरमध्ये बारा वर्षांपूर्वी आणलेली. मग थंडी काय धुरा पाहून पडते?

"तणनाशक मारलं त्यानं," रुपराव घरी येऊन म्हणाला. चपला त्याने दारातच झटकल्या, एक इकडे गेली, एक तिकडे.

गोपिका ओसरीवर तूर पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही. "कोनं?"

"कोनं म्हंजे? मनोहरनं. रातच्यानं पंप पाठीवर घेतला अन् धुऱ्यावरून मारत गेला."

"तुमी पाह्यलं?"

"मी पाह्यलं असतं तं तो घरी गेला असता का?"

त्यांची सून अपेक्षा नुकतीच कॉलेजातून आली होती आणि डोक्याचा स्कार्फ सोडत होती. खाप्याच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला. नवरा पिंटू नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तिथेच खोली करून राहणारा, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. म्हणून सासूसासऱ्यांचं सगळं ऐकून घेणं तिच्याच वाट्याला होतं.

"पन मामाजी," ती म्हणाली, "तणनाशक मारलं असतं तं झाडाखालचं गवत पयले मेलं असतं. गवत तं हिरवंगार हाय."

रुपरावला गवताचा मुद्दा आवडला नाही. त्याने सुनेकडे पाहिलं आणि त्याला आठवलं, की ही मनोहररावच्या बायकोच्या, कुसुमताईच्या, सख्ख्या बहिणीची मुलगी. लग्न कुसुमताईनेच जुळवलं होतं. दीड वर्षं त्याला ही गोष्ट चांगली वाटत आली होती.

"तू तुह्या मावशीची वकिली नको करू," तो म्हणाला. "पहाटे चार वाजता तो वावरात होता. अख्ख्या गावाले माहीत हाय. पालापाचोळा ओला करून जागोजाग धूर केला त्यानं. काहून केला? सांग ना."

"थंडीसाठीच केला असन."

"थंडीसाठी! औषधाचा वास दाबाले केला."

गोपिकाने सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा उचललं.

आता एक गोष्ट रुपरावने कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्याने ती सांगवणार नाही, तेव्हा आपणच सांगून टाकू. संत्र्याच्या झाडाला हिवाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवतात. महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड जिवाला घाबरतं. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की ते एकदम फुलावर येतं. याला ताण देणं म्हणतात, आणि ज्याला ताण धरता आला त्याचाच बहार. मनोहरराव हा रुपरावचा चुलतभाऊ, पाच वर्षांनी मोठा. दोघांच्या बागांना विहीर एकच. संक्रांतीपर्यंत विहिरीला कोणी हात लावायचा नाही, हे दरवर्षी बोलून ठरायचं. लिहून काही नव्हतं. तशी गरज कधी पडली नव्हती.

यंदा मार्गशीर्षात एके सकाळी मनोहररावच्या पाइपाच्या तोंडाशी रुपरावला ओल दिसली. कुत्र्यानेही केली असेल, पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. मनोहर चोरून पाणी देतो, त्याची बाग आधी फुलणार, व्यापारी आधी त्याच्या दारी जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं. चार दिवसांनी मनोहरराव आणि कुसुमताई डोळ्याच्या दवाखान्यात जायला सकाळच्या गाडीने नागपूरला, सदरला गेले. रुपरावने दुपारी बारा वाजता मोटर सुरू केली ती दिवस मावळेपर्यंत. आळ्याआळ्यात मूठ मूठ युरियाही टाकला. पुढचा आठवडा ढगाळ आणि उबदार गेला. झाडांना वाटलं, हिवाळा संपला. दोन आठवड्यांत शेंड्याशेंड्याला बोटभर पोपटी पालवी आली, आणि रुपराव मनातल्या मनात हसला. मनोहरच्या नजरेला पडू नये म्हणून धुऱ्यालगतच्या एका ओळीतली पालवी त्याने नखाने खुडून टाकली. एकवीस झाडं, अर्धा दिवस, बोटं काळी पडली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आणि मग ती थंडी आली.

बुधवारी कृषी सहायक येऊन गेले. त्यांनी दोन शेंडे मोडले, वास घेतला आणि म्हणाले, "काका, हे गोठलेल्या दवानं जळलं. कोवळं होतं म्हणून." रुपरावने विचारलं, "चहा कुठं घेतला साहेब तुमी?" ते म्हणाले, "मनोहररावांकडे, रस्त्यातच लागलं घर." झालं. रुपरावने त्यांचा शब्द तिथेच कानाबाहेर काढून टाकला.

पोलीस पाटलाने मात्र अडचण सांगितली. तक्रार करायची तर करा, पण काहीतरी कागद लागेल. कोणीतरी शिकलेल्या माणसाने लिहून द्यायला पाहिजे की हे औषधाचंच आहे. रुपराव घरी येईपर्यंत विचार करत आला. संध्याकाळी चुलीपाशी हात शेकता शेकता त्याने सुनेला हाक मारली.

"अपेक्षा, तुह्या कॉलेजात ती काचेची दुर्बीण हाय ना? झाडाचं तपासून चिठ्ठी भेटन का?"

"चिठ्ठी नाही भेटनार मामाजी. पन पाहू शकतो. मॅडमले विचारून ठेवते. शनिवारी पोट्टे गेल्यावर या."

"नमुना मी आनीन. तू नको तोडू."

"काहून?"

"मी आनीन म्हटलं ना."

शनिवारी दुपारी तो धुतलेलं धोतर आणि कोट घालून, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून खाप्याला गेला. गावातून जाताना त्याने मान खाली घातली. सुनेच्या खांद्याला हात लावता येईना आणि मागे धरायला दांडी सापडेना, म्हणून तो सीटची कड दोन्ही हातांनी आवळून बसला होता. खड्डा आला की दात वाजायचे. कोटाच्या खिशात तीन डहाळ्या होत्या. दोन त्याच्या झाडाच्या, त्यांना लाल दोरा बांधलेला. तिसरी त्याने सकाळी मनोहररावच्या झाडाची मोडून आणली होती, धुऱ्यावरून नुसता हात लांब करून.

प्रयोगशाळेत फिनेलचा वास होता. भिंतीला काचेची कपाटं, बाटल्यांत पिवळ्या पाण्यात कसलीशी मुळं. अपेक्षाने त्याला उंच स्टुलावर बसवलं. पाय जमिनीला लागेनात. घरात डोक्यावरचा पदर सांभाळणारी ही पोरगी इथे पांढरा कोट घालून, बाही मागे सारून, ब्लेड हातात घेऊन अशी सराईत उभी राहिली की रुपरावला आपणच तिच्याकडे पाहुणे आलोत असं वाटलं. ते त्याला काही बरं वाटलं नाही.

तिने त्याच्या डहाळीचा जळका शेंडा कापला. पातळ चकती, दिसेल न दिसेल अशी. ती काचेवर ठेवून लाल रंगाचा थेंब टाकला. "पाहा."

रुपरावने डोळा लावला. "काही नाही दिसत. काळे केस दिसून राह्यले."

"त्या तुमच्या पापन्या होत. डोळा जरा दूर. दुसरा बंद करा."

दुसरा डोळा बंद करताना त्याचं अख्खं तोंड वाकडं झालं. मग एकदम त्याला दिसलं. विटांच्या भिंतीसारखे घरामागे घर, पण सगळी घरं रिकामी. कुठे भिंत चेपलेली, कुठे मळकट डाग.

"ह्या पेशी," अपेक्षा म्हणाली. "मेल्या. जिवंत पेशी हा रंग आत धरून ठेवते. यायच्यात काही धरल्या जात नाही, पडदा फाटला. कोवळी पालवी पान्यानं फुगलेली होती. आतल्या आत बर्फ झाला अन् फाटली."

"औषधानं नाही फाटत?"

"थांबा."

तिने दुसरी डहाळी घेतली, लाल दोऱ्याचीच, पण खालची, करंगळीएवढी जाड. वरची साल नखाने खरवडली. खाली हिरवं दिसलं. त्या हिरव्याचा पापुद्रा काढून तिने काचेवर ठेवला. या खेपेला रुपरावला घराघरात लाल भरलेलं दिसलं, काठोकाठ, डाळिंबाच्या दाण्यासारखं.

"हे कोनाच्या झाडाचं?" त्याने डोळा न काढता विचारलं.

"तुमच्याच."

"दोरा दाखव."

तिने दोरा दाखवला. राग आला असेल, पण तिने तो दाखवला नाही.

"आता याच्यात मिठाचं पानी सोडते. पाहत राहा."

तो पाहत राहिला. आधी काही झालं नाही. मग घरातला लाल हळूहळू भिंतीपासून सुटायला लागला. कोपरे सोडले, अंग चोरलं, मध्ये गोळा होऊन बसला. रंग गडद झाला.

"मेलं," रुपराव म्हणाला.

"नाही मेलं. पानी बाहेर गेलं फक्त. थंडीत असंच होते मामाजी. पेशीच्या बाहेरचं पानी पयले गोठते, आतलं लवकर गोठत नाही, आत साखर असते. बाहेरचा बर्फ आतलं पानी ओढून घेते. पेशी आक्रसून बसते, आतलं पाकासारखं घट्ट होते. घट्ट झालं की मंग गोठत नाही. बर्फ होते पन घराबाहेर, घरात नाही." तिने मिठाचं पाणी कागदाने टिपून घेतलं आणि साधं पाणी सोडलं. "अन् सकाळी ऊन पडलं की..."

लाल गोळा फुगायला लागला. एक कोपरा भरला, दुसरा भरला. थोड्याच वेळात सगळी घरं पहिल्यासारखी काठोकाठ झाली. रुपरावचा उघडा डोळा पाण्याने भरला होता. एकटक पाहिल्याने असेल. पण नव्वद झाडं खोडाने जिवंत आहेत हे त्याला कळलं होतं, आणि बारा वर्षं ज्याने खड्डे खणून, आळी करून ती वाढवली त्याला त्या क्षणी खरोखर आनंद झाला. तो फार टिकला नाही.

तिसरी डहाळी त्याने स्वतःच पुढे केली. अपेक्षाने दोरा नाही हे पाहिलं, कुठली ते विचारलं नाही. मनोहररावच्या झाडाच्या पेशी आधीच जरा आक्रसलेल्या होत्या. मिठाचं पाणी टाकलं तरी फारशा हलल्या नाहीत.

"हे ताणावरचं झाड," ती म्हणाली. "याच्यात पानीच कमी, साखर जास्त. रोज थोडी थोडी थंडी खाऊन तयार झालेलं. असं झाड निभावून जाते. ज्याले ताणाच्या मधात पानी अन् खत भेटलं, ते हे सारं सोडून देते अन् पालवी काढते. मंग एका रात्रीची थंडी आली तरी पालवी जाते."

प्रयोगशाळेत नळ ठिबकत होता. रुपरावने खाली उतरायला पाय लांब केला, तो स्टुलाच्या दांडीत अडकला.

"पन थंडीत तं पानी द्या म्हंतेत," तो म्हणाला. "रेडिओवर सांगते. मी काही येडा नाही."

"त्याच रात्री द्यायचं असते ते. विहिरीचं पानी कोमट राह्यते, तेवढी ऊब भेटते. वीस दिवस आधी नाही."

वीस दिवस हा आकडा तिने कुठून काढला, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

परत येताना नदीच्या बाजूने वारा झोंबत होता. अर्ध्या रस्त्यात अपेक्षाने मान न वळवता म्हटलं, "मामाजी, मी परवा बागेत गेल्ती. धुऱ्यालगतची ओळ जळली नाही. औषध धुऱ्यावरून मारलं असतं तं पयले तेच जळली असती ना. अन् तिचे शेंडे कोनं तरी नखानं खुडले हायेत."

"गाडी थांबव."

"मी कोनाले काही बोल्ली नाही."

"थांबव म्हटलं ना!"

तो उतरला. तिने दहा वेळा बसा म्हटलं. तो बसला नाही. शेवटचे दोन किलोमीटर तो कोट सावरत पायी आला, आणि ती पायांनी गाडी रेटत हळूहळू त्याच्या मागे. गावच्या वेशीपाशी त्याने हाताने तिला पुढे जा म्हणून हाकललं.

घरी आल्यावर तो सगळ्यांत आधी हे बोलला, "कॉलेजात आज तू काहीच पाह्यलं नाही. समजलं का? मावशीकडं जाऊन सांगशीन तं या घरात राहू नको."

"मले सांगाचंच असतं तं मी परवाच सांगितलं असतं," अपेक्षा म्हणाली आणि आत गेली.

मग त्याने खाप्याच्या वामनरावला फोन लावला. वामनराव झाडं तोडायचं कटर घेऊन गावोगाव फिरायचा. "नव्वद झाडं हायेत. बुडापासून. औषधानं मेली. सोमवारी ये."

गोपिका दारात उभी होती. फोन संपेपर्यंत ती थांबली.

"पोरगी काय म्हने?"

"मेली म्हने."

"तिचं तोंड तं तसं नव्हतं."

"तुले काय समजते?"

गोपिका तीस वर्षांत नवऱ्याला फार उलटून बोलली नव्हती. भ्यायची म्हणून नव्हे, बोलून उपयोग नसतो हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं म्हणून. "मले बाग नाही समजत," ती म्हणाली. "कपडे समजतेत. मार्गशीर्षात मी तुमची वावरातली पँट धुतली. गुडघ्यापर्यंत चिखल होता. अख्खं शिवार ताणावर असताना चिखल कुठून आला, ते मी तवा नाही विचारलं. आताही नाही विचारत."

आणि तिने खरंच विचारलं नाही.

रुपराव रविवार दिवसभर बागेकडे फिरकला नाही. त्याच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. झाडं ठेवली तर महिनाभरात जुन्या खोडातून धुमारे फुटणार, आणि गावातलं शेंबडं पोरही विचारणार, औषधाने मेलेली झाडं फुटली कशी? मग पाणी निघणार, मोटर निघणार, चुलतभाऊ डोळे तपासायला गेला असताना दोघांच्या विहिरीतलं पाणी चोरणारा रुपराव निघणार. झाडं तोडली तर काहीच निघणार नव्हतं. मेलेलं झाड कशाने मेलं हे बुंध्याला विचारता येत नाही. बारा वर्षांची नव्वद झाडं एकीकडे आणि नाक एकीकडे, असा हा सौदा होता, आणि रुपरावने नाक धरलं. माणूस इतका हलका असू शकतो यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता, पण फोन तर झाला होता.

सोमवारी सकाळी नऊला वामनराव मोटारसायकलवर कटर बांधून आला. ऊन कोवळं होतं. त्याने पेट्रोल भरलं, साखळीला तेल दिलं आणि पहिलं झाड पाहून बोटाने खोड वाजवलं.

"काका, मेलं म्हंता?"

"मेलं."

"आवाज तं वल्ल्या लाकडाचा वाटते."

"तू तोड ना गा. तुले कायले पंचाईत?"

तेवढ्यात धुऱ्यावर मनोहरराव येऊन उभा राहिला. मोतीबिंदू काढल्यापासून तो मोठा काळा चष्मा लावायचा, त्यामुळे तो कुठे पाहतो आहे ते कळायचं नाही. अंगात जुना स्वेटर, हात पाठीमागे. तणनाशकाची गोष्ट गावभर झाल्यापासून दोघं समोरासमोर आले नव्हते. तो धुऱ्याच्या अलीकडे आला नाही.

तो पाहतो आहे म्हटल्यावर रुपरावला जास्तच चेव आला. "लाव," तो ओरडला.

कटर भुंकल्यासारखं सुरू झालं. वामनरावने आधी आडवी आलेली मांडीएवढी फांदी घेतली. क्षणात ती खाली पडली, पडताना दुसऱ्या फांद्यांना घासून गेली आणि सगळीकडे संत्र्याच्या पाल्याचा तिखटगोड वास सुटला. वामनरावने मशीन थांबवून भुसा झटकला. त्याच्या बोटांना तो ओला चिकटला.

रुपराव पुढे गेला. कापलेली जागा पिवळसर पांढरी होती, आणि सालीच्या आतून चहूबाजूंनी हिरवी कड. त्याने अंगठा लावला. गार ओल लागली. त्या हिरव्या कडेत लाल भरलेली घरं आहेत, मिठाच्या पाण्यात अंग चोरून बसणारी आणि साध्या पाण्यात पुन्हा उठणारी, हे आता त्याला माहीत होतं. परवापर्यंत माहीत नव्हतं तेव्हा तोडणं सोपं गेलं असतं. ज्या रात्री तो रजईत होता त्या रात्री या झाडाने घराबाहेर बर्फ धरला आणि घर वाचवलं. आणि आता तेच झाड तो बुडापासून कापायला निघाला होता.

"थांब," तो म्हणाला.

"थांबलोच हाव काका. बुडाले लावू का?"

"नाही. बांध मशीन. तोडाचं नाही."

वामनराव हसला. "म्हंजे? औषधानं मेलं म्हने ना?"

"मेले नाहीत ते. जित्ते हायेत."

"मंग जळले कायनं?"

वामनरावने हे सहज विचारलं होतं. त्याला या घरांचं काही घेणंदेणं नव्हतं. पण धुऱ्यावरचा काळा चष्मा हलला नाही, आणि रुपरावच्या लक्षात आलं की थंडीने जळले एवढं म्हणून तो अजूनही सुटू शकतो. कोणी पुढचं विचारणार नाही. सून बोलणार नाही, बायको बोलणार नाही. त्याने तसं म्हणायला तोंड उघडलं.

"मी पानी देल्लं," तो म्हणाला. आवाज बसका निघाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी धुऱ्याकडे तोंड करून. "मनोहरभाऊ, मी पानी देल्लं. मार्गशीर्षात. तुमी डोळे दाखवाले गेल्ते त्या दिवशी. ताण मी तोडला. पालवी आली, थंडीनं जळली. तुमी काही मारलं नाही."

वामनराव मशीनचे पट्टे बांधायला लागला. बाहेरच्या माणसासमोर हे बोलावं लागलं याने रुपरावच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"माहीत हाय मले," मनोहरराव म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच रोजपासून. संध्याकाळी नागपुरातून आलो अन् विहिरीत वाकून पाह्यलं. दोन हात पानी उतरलं होतं."

"मंग बोल्ले काहून नाही?"

"तू आपल्या तोंडानं सांगतं का नाही, ते पाहून राह्यलो होतो."

महिना झाला होता त्याला. महिनाभर हा माणूस धुऱ्यापलीकडून पोपटी पालवी वाढताना पाहत होता, खुडलेले शेंडे पाहत होता. रुपरावचा जुना संशय एकदम उसळून आला. कबुली देऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

"म्हंजे तुमाले समजलं होतं," तो म्हणाला. "पालवी हाय, थंडी पडली तं जळन, हे समजलं होतं. त्या पहाटे तुमी वावरात होते. तुमच्या झाडाईले धूर केला. माह्या झाडापाशी चार ढीग पेटवले असते तं काय झालं असतं? का पाहत बसले जळू दे म्हून?"

मनोहररावने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता आणि उन्हाने त्यातून पाणी येत होतं. स्वेटरच्या बाहीने त्याने ते पुसलं.

"धुऱ्यापर्यंत आल्तो," तो म्हणाला. "हातात पेटता पेंढा घेऊन. कुसुम म्हने, चाला, लावून देऊ त्याच्याही बागेत. मी पाय उचलला अन् मांगं घेतला. तूच सांग रुपराव. पहाटे चार वाजता आग घेऊन मी तुह्या वावरात शिरलो असतो, अन् तू पाह्यलं असतं. काय म्हटलं असतं तू?"

वामनरावने मोटारसायकलला लाथ मारली, ती लागली नाही. दुसऱ्यांदा मारली. रुपराव कापलेल्या फांदीपाशी उभा होता. खोटं बोलायला आता त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

"बाग पेटवाले आला म्हटलं असतं," तो म्हणाला.